झोपेत अडणारा श्वास: नंदुरबारने विचारायचे प्रश्न

नंदुरबारच्या आरोग्यावर कोणतीही बैठक भरली तरी विषय ठरलेले असतात. कुपोषण, सिकलसेल, माता आणि बालमृत्यू, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, नर्मदाकाठच्या पाड्यांपर्यंत जाणारी बोट ॲम्ब्युलन्स. हे विषय खरोखरच तातडीचे आहेत. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. अशा ठिकाणी कोणी घोरण्याबद्दल बोलू लागला, तर ऐकणाऱ्याला वाटणारच की मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू माणसांचा हा आजार इथे कशाला आणायचा. माझे म्हणणे असे की स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याचा आजार, इथल्या जुन्या दुखण्यांच्या आतच दडलेला असू शकतो. सिकलसेलच्या मुलात, वजन न वाढणाऱ्या बालकात, गोळ्यांना न जुमानणाऱ्या रक्तदाबात, रात्रभर ट्रक हाकणाऱ्या चालकात तो सापडू शकतो. आणि त्याचा संशय घ्यायला पैसे लागत नाहीत, विचारावे मात्र लागते.

आधी आजार समजून घेऊ. नाकाच्या मागच्या बाजूपासून स्वरयंत्रापर्यंत घशाच्या नळीला हाडाचा आधार नाही. जागेपणी स्नायू ती उघडी ठेवतात. झोप लागली की ते सैलावतात, जीभ मागे सरते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली येतात. अरुंद वाटेने हवा जाताना तिथले मांस थरथरते, तेच घोरणे. वाट पूर्ण मिटली की घोरण्याचा आवाज थांबतो आणि घरच्यांना वाटते, आता शांत झोपला. प्रत्यक्षात छाती आणि पोट श्वास ओढण्यासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जाग आणतो, मोठा आवाज करत श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही.

श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक प्रसंग धरतात. पूर्ण थांबण्याचे आणि अर्धवट अडण्याचे असे प्रसंग तासाला किती होतात, त्यावर आजाराची पायरी ठरते. मोठ्या माणसात तासाला ५ पर्यंत चालते. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा आवळला जाणे. अशा रात्रीनंतर सकाळी डोके जड असते, तोंड कोरडे पडते, दिवसा पेंग येते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागते आणि माणूस साखर किंवा प्रोस्टेट तपासत बसतो. श्वास अडताना छातीतला दाब बदलतो, हृदयावर ताण येतो आणि त्याच्या संदेशावरून मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. रात्री जो रक्तदाब उतरायला हवा तो चढाच राहतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब हटत नसेल तर झोपेतल्या श्वासाची चौकशी करावी, असे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात ते यामुळेच. स्लीप ॲप्नियाचा आणखी एक, कमी आढळणारा प्रकार आहे. त्यात घसा मोकळा असतो, पण श्वास घेण्याचा आदेशच मेंदूकडून सुटत नाही. हृदय कमजोर झालेल्या काही रुग्णांत तो दिसतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

हा लठ्ठ माणसांचा आजार ही समजूत कुठून आली, तेही पाहण्यासारखे आहे. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये उभ्या उभ्या झोपणारा जाडा पोरगा आहे. १९५६ साली अमेरिकन डॉक्टरांनी लठ्ठपणा आणि दिवसाच्या झोपेच्या एका आजाराला त्या पुस्तकावरून नाव दिले आणि ते चित्र पक्के झाले. झोपेत श्वास थांबतो हे १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी नोंदवले. पुढे १९७६ च्या सुमारास स्टॅनफर्डच्या क्रिस्तियाँ गिलेमिनो यांनी बारीक अंगाच्या लोकांतही हा आजार असतो हे ठासून मांडले. वजन हे मोठे कारण आहेच. दहा टक्के वजन कमी झाले तर प्रसंग सुमारे एक चतुर्थांशाने घटतात. पण आखूड किंवा मागे गेलेला जबडा, अरुंद घसा, मोठे टॉन्सिल, बंद नाक, निजताना घेतलेली दारू हीदेखील कारणे आहेत. आशियाई लोकांत जबड्याच्या ठेवणीमुळे कमी वजनातही हा आजार होतो. मोहाची दारू ज्या समाजाच्या सणावारात आहे, तिथे ती सोडा म्हणून उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण पिऊन लगेच आडवे होणाऱ्याचा घसा अधिक मिटतो, एवढे सांगितलेच पाहिजे.

भारतातले आकडे छोटे नाहीत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शहरी मध्यमवयीन पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत बिघडत होता. दिवसाच्या पेंगेसह पूर्ण आजार ७.५ टक्क्यांत आढळला. देशातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडला: कामाच्या वयातले सुमारे १० कोटी ४० लाख भारतीय या आजाराचे रुग्ण, त्यातले ४ कोटी ७० लाख मध्यम किंवा तीव्र. पुरुषांत १३ टक्के, स्त्रियांत ५ टक्के. स्त्रियांचा आकडा मला तरी जसाच्या तसा मान्य करवत नाही. बाईची तक्रार बहुधा थकवा, डोकेदुखी, झोप न लागणे अशी असते आणि ती ‘कामाचा ताण’ म्हणून निकाली निघते. नवऱ्याचा श्वास अडतो हे बायको डॉक्टरांना सांगते, पण बायकोचे घोरणे ऐकून दवाखान्यात येणारा नवरा विरळा. पाळी गेल्यावर स्त्रियांतला धोका वाढतो, हेही फार थोड्यांना माहीत असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी या आजाराचा उल्लेख केला आणि चार दिवस वर्तमानपत्रांत स्लीप ॲप्निया छापून आला. मग विषय मागे पडला.

आता नंदुरबार. सगळ्यात आधी मुले.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. झोपेत ज्या मुलाचा प्राणवायू वारंवार उतरतो त्याच्या बाबतीत हे किती धोक्याचे, ते वेगळे सांगायला नको. सिकलसेलच्या मुलांचे टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी अनेकदा वाढलेल्या असतात. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या अशा २४३ मुलांची झोप तपासली गेली, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. मुलांसाठीचा कडक निकष म्हणजे तासाला एक प्रसंग. तो लावला तर ४१ टक्के मुलांत आजार निघाला, तासाला पाचच्या वरचा आजार १० टक्क्यांत. ही मुले बहुतांशी आफ्रिकी वंशाची होती. भारतातला सिकलसेलचा प्रकार काहीसा वेगळा, गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त असलेला आहे. म्हणून ते टक्के उचलून अक्कलकुवा-धडगावला लावणे चूक ठरेल. पण प्रश्न लावता येतो. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचे वाहक मोठ्या प्रमाणात आहेत, हे डॉ. सुदाम काटे यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचून दाखवले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी चालू आहे. रुग्ण म्हणून कार्ड मिळालेल्या प्रत्येक मुलाच्या आईला ‘रात्री घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, झोपेत दचकतो का’ हे तीन प्रश्न विचारले गेले, तर कोणत्या मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवायचे ते कळेल.

कुपोषणाशीही याचा धागा आहे आणि तो जपून सांगितला पाहिजे. जिल्ह्यातले कुपोषण मुख्यतः अन्नाचे, वारंवारच्या आजारांचे आणि ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांच्या फरफटीचे आहे. त्याचे खापर टॉन्सिलवर फोडणे अन्याय होईल. तरी ज्या मुलाचा घसा रात्रभर झगडतो त्याची ताकद श्वासातच खर्च होते. वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत स्रवते आणि त्या मुलाला गाढ झोप मिळत नाही. तोंडाने श्वास घेणारे मूल जेवतेही रेंगाळत. पूरक आहार देऊनही वजन हलत नसेल तर अंगणवाडी सेविकेने आईला झोपेबद्दल विचारावे. मुलांत हा आजार पेंगेपेक्षा चंचलपणाच्या रूपाने दिसतो. अंथरूण ओले करणे हेही त्याचे एक लक्षण आहे.

इथे आश्रमशाळांचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. शहरातल्या आईबापांनाही मूल झोपेत कसे श्वास घेते ते नेहमी दिसत नाही. आश्रमशाळेत मुले एका खोलीत झोपतात आणि अधीक्षक किंवा अधीक्षिका तिथे असतात. कोण घोरतो, कोण उठून बसतो, कोणाचे अंथरूण ओले होते हे त्यांना ठाऊक असते. ओल्या अंथरुणावरून त्या मुलाला बोलणी बसण्याऐवजी त्याचे नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकापुढे गेले पाहिजे. २०१३ मध्ये अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या चाचणीत, टॉन्सिल-ॲडिनॉइड काढलेल्यांपैकी ७९ टक्क्यांचा झोपेतला श्वास सुरळीत झाला. नुसती वाट पाहिलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांचा झाला. म्हणजे प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यायचे नाही, आणि एकालाही न तपासता सोडायचे नाही. सिकलसेलच्या मुलाला भूल देण्याआधी वेगळी तयारी लागते, ती जिथे आहे तिथेच शस्त्रक्रिया व्हावी.

मोठ्यांमध्ये सर्वांत निकडीचा गट चालकांचा. सुरत-धुळे राष्ट्रीय महामार्ग नवापूर, विसरवाडीवरून कोंडाईबारी घाटाकडे जातो आणि त्यावर रात्रभर मालवाहतूक चालते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या हातून अपघात होण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक असते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवले आहे. ‘चालकाला डुलकी लागली’ एवढेच आपण वाचतो. ती डुलकी एका रात्रीच्या जागरणाची की वर्षानुवर्षांच्या आजाराची, हे विचारले जात नाही. महामार्गावरच्या नेत्रतपासणी शिबिरात गळ्याचा घेर आणि रक्तदाब मोजायला फक्त टेप आणि यंत्र लागते.

संशय आल्यावर काय करायचे? टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांनी २००८ मध्ये आठ प्रश्नांची एक यादी दिली, ती आज जगभर वापरतात. मोठ्याने घोरणे, दिवसाचा थकवा, श्वास थांबताना कोणी पाहिले आहे का, रक्तदाब, वजन, पन्नाशीपुढचे वय, गळ्याचा घेर, पुरुष असणे. तीन किंवा जास्त उत्तरे ‘हो’ आली तर पुढची तपासणी हवी. आशाताई तिशीपुढच्या माणसांचे रक्तदाब-मधुमेहाचे अर्ज भरतात, त्यात घोरण्याचा आणि श्वास थांबण्याचा असे दोन प्रश्न आले तर जिल्ह्याचा नकाशा वर्षभरात हाती येईल. निदानाची पूर्ण तपासणी म्हणजे रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास, हृदय, प्राणवायू यांची नोंद. पण ज्याची लक्षणे स्पष्ट आहेत अशा मोठ्या माणसाचे निदान घरी लावता येणाऱ्या छोट्या यंत्रावरही होते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कोरोनात गावोगाव पोचले, मात्र ते त्या क्षणाचा आकडा दाखवते. इथे रात्रभराची नोंद साठवणारे हवे.

उपचारांत सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे सीपॅप. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी तो मांडला. त्याआधी तीव्र रुग्णाच्या गळ्याला भोक पाडण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. सुलिव्हन यांनी नाकावर मुखवटा लावून सौम्य दाबाने हवा सोडली. दाराला आतून टेकू द्यावा तशी ती हवा घसा उघडा ठेवते. पहिल्याच रात्री रुग्ण वर्षांनंतर सलग झोपला. यंत्र आज तीस-चाळीस हजारांच्या पुढे मिळते, मुखवटा अधूनमधून बदलावा लागतो. जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेण्याआधी ते कंपनीने परत मागवलेल्यांपैकी नाही ना, हे पाहावे. एका मोठ्या कंपनीने २०२१ मध्ये आतला फोम झिजत असल्यामुळे लाखो यंत्रे परत मागवली होती.

आणि खरी अडचण पैशांनंतर सुरू होते. यंत्र घरी येते आणि कपाटात जाते. नाक चोंदते, मुखवटा गालावर रुततो, गुदमरल्यासारखे वाटते, लाज वाटते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत सीपॅपने हृदयविकाराचे झटके कमी केले नाहीत, तेव्हा बरीच निराशा झाली. पण त्या रुग्णांचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता. त्यांची पेंग आणि मनःस्थिती सुधारली, हेही त्याच चाचणीत दिसले. अर्ध्या रात्रीच्या उपचाराकडून पूर्ण फळ मागता येत नाही, असे माझे मत आहे. झटक्यांवरचा परिणाम मात्र अजून सिद्ध व्हायचा आहे.

म्हणून संवादातून होणाऱ्या उपचाराला इथे मोठे काम आहे. सिडनीत १०० रुग्णांवर झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला जोडीदारासह दोन बैठका दिल्या. आजार समजावला, चुकीच्या समजुतींवर बोलणे झाले, मुखवट्याची भीती कमी करण्याच्या युक्त्या शिकवल्या. महिन्याभरानंतर त्या गटाचा वापर दुसऱ्या गटापेक्षा रात्री सुमारे २.९ तासांनी जास्त होता. औषध नाही, महाग उपकरण नाही. दिवसा टीव्ही पाहताना मुखवटा लावून बसणे, आधी पाच मिनिटे, मग अर्धा तास, मग यंत्र चालू करून, अशा पायऱ्यांनी शरीराला सवय लागते. काहींना स्लीप ॲप्नियाबरोबर निद्रानाशही असतो. त्यांना झोपेची गोळी देणे सोपे, पण काही गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. आधी निद्रानाशावर वर्तनोपचार केले तर अशा रुग्णांत सीपॅपचा वापर वाढतो. औदासीन्य समजून वर्षानुवर्षे गोळ्या खाणाऱ्यांत काहींचे मूळ झोपेत असते, तर काहींना दोन्ही आजार असतात. मनोविकारतज्ज्ञाने घोरण्याचे विचारावे आणि छातीच्या डॉक्टरांनी मनाचे विचारावे, हे म्हणूनच गरजेचे.

हे बोलणे रुग्णाच्या भाषेत झाले पाहिजे. भिली, मावची, अहिराणी, पावरा समाजाची बोली. आयुष्मान आरोग्य मंदिरातला समुदाय आरोग्य अधिकारी किंवा परिचारिका थोड्या प्रशिक्षणाने ते करू शकते. सुरतेच्या किंवा नाशिकच्या डॉक्टरांनी दिलेले यंत्र धडगावच्या पाड्यावर चालते की नाही, ते अशा पाठपुराव्यावर ठरणार आहे. विजेचाही प्रश्न आहे. हवा दमट करणारा भाग बंद ठेवला तर यंत्राला वीज कमी लागते आणि योग्य बॅटरीवर ते रात्रभर चालू शकते. डॉक्टरांनी हे आधीच सांगितले तर खेप वाया जात नाही.

घशाच्या व्यायामांचे पुरावेही लक्ष देण्याजोगे आहेत. साव पावलोत २००९ मध्ये मध्यम आजाराच्या रुग्णांना तीन महिने रोज अर्धा तास जीभ, टाळू, गाल यांचे व्यायाम दिले. त्यांचे प्रसंग तासाला २२ वरून सुमारे १४ वर आले. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे डिजेरिडू हे लांब वाद्य फुंकून फायदा दिसला. २०२५ मध्ये जयपूरच्या संशोधकांनी ३० रुग्णांवर केलेल्या प्रयोगात सहा महिने शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग ३४ टक्क्यांनी घटली आणि प्रसंग तासाला चार-पाचाने कमी झाले. प्रयोग छोटे आहेत, तीव्र आजाराला असे व्यायाम पुरणार नाहीत. तरी वाचून मला इथल्या आदिवासींच्या डोंगऱ्यादेव उत्सवातली दुधी भोपळ्याची पावरी आठवली. दीर्घ दमाने फुंकायचे वाद्य याच मुलखात आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने पावरी वादकांची झोप तपासायचे मनावर घ्यावे.

बाकीचे थोडक्यात. सौम्य आणि मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी चालते. पाठीवर निजल्यावरच श्वास अडत असेल तर कुशीवर झोपण्याची सवय लावावी. टाळूच्या शस्त्रक्रियांचा अनुभव संमिश्र आहे. लठ्ठपणा असलेल्यांसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला मान्यता मिळाली. ते महाग आहे आणि बारीक अंगाच्या रुग्णाच्या कामाचे नाही.

एक सूचना मात्र ठळक हवी. कोरोनाच्या काळात तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने नंदुरबारने स्वतःचे ऑक्सिजन प्रकल्प उभारले आणि देशाने त्याची दखल घेतली. त्या अभिमानातून ‘रात्री ऑक्सिजन लावू’ असा विचार कोणाच्या मनात येईल. नळीने सोडलेला ऑक्सिजन मिटलेला घसा उघडत नाही. यंत्रावरचा आकडा सुधारतो, श्वास अडतच राहतो आणि काही रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका वाढतो.

घरात कोणी मोठ्याने घोरत असेल, मध्येच गप्प होऊन दचकून श्वास घेत असेल, तर रागावू नका, कुशीला ढकलून विसरूही नका. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करा आणि सकाळी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. आणि आरोग्य विभागाने प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात रात्रभराची नोंद ठेवणारे किमान एक ऑक्सिमीटर द्यावे, त्याचा पहिला मान सिकलसेलच्या मुलांना असावा.